गूळ चालतो

माझ्या आईनं मिनियापोलिस पाहिलं ते शंभर वर्षांपूर्वीचं. म्हणजे आम्ही नागपूरहून तिथं जाऊन पोचलो तेव्हा रस्त्यावर मोटारीच होत्या, दुकानांच्या काचांमागे टीव्ही लागलेले असायचे आणि बाबा रोज सकाळी बसनं कामाला जायचे. पण आईला कुणी गावाबद्दल विचारलं असतं तर तिनं बेधडक सांगितलं असतं की इथं बर्फवाला घोडागाडी घेऊन येतो, दूधवाला दारात काचेच्या बाटल्या ठेवतो, थंडीत दूध गोठून बाटलीच्या तोंडातून बोटभर वर येतं आणि साय पक्ष्यांनी खाऊन टाकली म्हणून पोरांना बोलणी बसतात. सोमवारी साऱ्या गल्लीतल्या बायका एकदम धुणं काढतात. हे सगळं तिला तळमजल्यावरच्या बर्गबाईंनी सांगितलं होतं आणि मधे दुभाषी मी होते. साठी उलटल्यावर आज लिहायला बसले आहे ती त्या दुभाषीपणाबद्दलच. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि आपण फार हुशार आहोत अशी माझी पक्की समजूत होती.

आमचं घर लाल विटांच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. थंडीत भिंतीलगतचे लोखंडी रेडिएटर सकाळी असे काही ठणाणा करायचे की पहिल्या दिवशी आई पदर खोचून उभीच राहिली, वाटलं खाली कुणी मारामारी करतंय. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत हातभर उंचीचं एक लाकडी दार होतं. त्यावर रंगाचे इतके थर चढले होते की ते उघडतच नसे. कशासाठी आहे ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईनं त्याच्यासमोर फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर बुद्धाची पितळी मूर्ती आणि निळ्या कोटातला तो फोटो ठेवला. आमच्या माणसांच्या घरात जो असतोच तो. रोज सकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती लावून झाली की आईचा दिवस संपायचा. पुढे करायचं काय, हे तिला कळत नसे. ती चौथी शिकलेली. इंग्रजी येत नव्हतं. बाहेर पडली तर परत घर सापडेल की नाही याची धास्ती. बाबा म्हणायचे, "शिकशील हळूहळू." ती म्हणायची, "शिकीन ना बाप्पा," आणि खिडकीपाशी जाऊन बसायची.

त्या शहरात तेव्हा पाच-सहा मराठी घरं होती. महिन्यातून एकदा कुणाकडे तरी सगळे जमत आणि जो तो एकेक पदार्थ करून नेत असे. आम्हाला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा आई दोन दिवस नुसती तयारीत होती. तिनं गव्हाची खीर केली. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे हीच खीर असते, आणि तिच्या मते जगातल्या कुठल्याही पाहुण्यापुढे ठेवायला याहून चांगलं काही नव्हतं. बाबांनी नुकत्याच घेतलेल्या जुन्या मोटारीत ती मोठं पातेलं मांडीवर धरून बसली होती. तिथं एका काकूंनी फार गोड हसून विचारलं, "नागपूरचे म्हणजे नेमके कुठले हो? आडनाव काय म्हणालात?" बाबांनी आडनाव सांगितलं. बस्स, एवढंच झालं. कुणी वाईट बोललं नाही, कुणी उठून गेलं नाही. जेवणं झाली. सगळ्यांची भांडी रिकामी झाली आणि आमच्या खिरीतला डाव जिथं ठेवला होता तिथंच उभा राहिला. एक काका तेवढे म्हणाले, "मला गोड वर्ज्य आहे हो वहिनी," आणि पाच मिनिटांनी दुसऱ्या कुणाचे गुलाबजाम खाताना दिसले. त्यांच्या नावानं मी आजही बोटं मोडते.

परत येताना आईनं पातेलं पुन्हा मांडीवर धरलं होतं. तिच्या माहेरी, गावातल्या हॉटेलात चहाचे कप वेगळे टांगलेले असत. तिच्या आईनं शेजारच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू दिले ते गोठ्यातल्या म्हशीपुढे गेलेले तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. हे सगळं मागे टाकून आपण विमानात बसलो असं तिला वाटलं होतं. मोटारीत ती एकच वाक्य बोलली, "मले वाटलं, एवढ्या दूर त नाई येणार हे." त्या दिवसापासून आई लागेल तेवढाच स्वयंपाक करायची. मी शाळेतून यायची तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजलेली असे. हाक मारली तर म्हणे, "झोपली नाई व. अशीच पडली." नोव्हेंबर गेला, डिसेंबर आला आणि दुपारी चारलाच अंधारायला लागलं. मला फार भीती वाटायची. ही अशीच पडून पडून एक दिवस उठणारच नाही, असं शाळेत गणितं सोडवतानाही मनात यायचं.

बर्गबाई आमच्या दारात आल्या त्या वेलदोड्याच्या वासानं. माझा वाढदिवस होता, म्हणून आईनं कशीबशी उठून वाटीभर खीर केली होती. त्या गावात बाकी कुठला मसाला मिळत नसे, पण वेलदोडा कुठल्याही किराणा दुकानात मिळायचा. तिथली निम्मी वस्ती नॉर्वे-स्वीडनकडची, आणि त्यांच्या पावात वेलदोडा लागतोच. दार वाजलं. बाहेर सत्तरीची, उंच, हाडकुळी, लोकरी जाकीट घातलेली बाई जिना चढून धापा टाकत उभी. त्या म्हणाल्या, "माफ करा. खालपर्यंत वास आला. माझ्या आईच्या स्वयंपाकघराचा वास आहे हा." मी आईला सांगितलं. आई गांगरली, मग एकदम म्हणाली, "तिले आत बोलाव ना, बह्याड! उभी काहून केली?" बर्गबाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि आईनं पुढे केलेली वाटी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. सगळी खाल्ली. मग चमच्यानं वाटीच्या कडा निपटून काढल्या आणि चमचा चाटला. आई दाराच्या चौकटीला टेकून ते बघत होती. बाई गेल्यावर ती रिकामी वाटी तिनं लगेच धुतली नाही. ओट्यावर तशीच ठेवून दिली.

मग रोजचाच परिपाठ झाला. मी शाळेतून आले की बर्गबाई वर येत. आई कधी खीर, कधी शिरा, कधी पुरण घालून पोळी असं काहीतरी गोड समोर ठेवी आणि बाई खाता खाता बोलत. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं, एक पुतण्या दुसऱ्या राज्यात. बोलायला कुणी नाही. त्या याच गल्लीत जन्मल्या होत्या. भिंतीतलं ते दार पाहून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं. ते बर्फाचं दार होतं! बर्फवाला मागच्या जिन्यानं येऊन बाहेरूनच लादी आत सरकवायचा. घरच्यांनी खिडकीत पुठ्ठा लावायचा, त्याच्या चार बाजूंना चार आकडे. जेवढा बर्फ हवा तो आकडा वर करायचा, म्हणजे बर्फवाल्याला खालूनच कळे. हिवाळ्यात तळ्यावर करवतीनं बर्फ कापून भुश्शात ठेवत, तो उन्हाळाभर पुरे. पोरं गाडीमागे धावून बर्फाच्या चिपा पळवत. आईला हे फार आवडलं. मूर्तीच्या मागून बर्फ यायचा म्हणे! बर्गबाईंचे वडील नदीकाठच्या पिठाच्या गिरणीत होते. घरी आले की भुवया पांढऱ्या. सणाला वाळवलेला मासा टबात भिजत घालत, त्याचा वास आठ दिवस जात नसे. "म्हणजे आपल्या सुकटीवानी," आई खूश होऊन म्हणाली. "तिले सांग, आमच्याइकडेबी असंच, शेजारचे नाक दाबतेत." मी सांगितलं. दोघी टाळ्या देऊन हसल्या.

पण हसण्यासारख्या सगळ्याच गोष्टी नव्हत्या. पीठ छातीत बसून वडील चाळिशीतच खोकून खोकून गेले. धाकटा भाऊ घटसर्पानं गेला, आणि घरावर संसर्गाची लाल पाटी लावल्यामुळे मैताला शेजारी आले नाहीत. बर्गबाई हे सांगताना मी आईकडे बघायची. ती आत्ता कुठं उठून बसायला लागली होती, केसांना तेल लावायला लागली होती. मराठीत सांगताना मी भावाला बरं केलं. वडिलांना म्हातारं केलं. घरावरची पाटी तर गाळूनच टाकली. बाई पाच मिनिटं बोलायच्या आणि मी दोन ओळींत उरकायची. आई डोळे बारीक करून बघायची. "एवढी बोलली, अन् एवढंच? तू कापून सांगतं व." मी म्हणायची, "आई, इंग्लिशमध्ये शब्द जास्त लागतात." ती हसायची. तिला ते पटलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

जानेवारीत बर्गबाईंनी मला जिन्यात थांबवलं. हातात टोपी कुरवाळत होत्या, लाजल्यासारख्या. म्हणाल्या, "शीला, डॉक्टर म्हणतात मला साखर झाली आहे. गोड पूर्ण बंद. तुझ्या आईला जरा सांभाळून सांग हं. तिला वाईट वाटायला नको. मी चहाला येतच जाईन." मी हो म्हटलं आणि तीन मजले चढून वर आले. आई गाणं गुणगुणत खीर ढवळत होती. गाणं! तिला गाताना मी अमेरिकेत पहिल्यांदाच ऐकत होते. मला बघून म्हणाली, "आली का थे? लवकर बोलाव, गरम हाय तोवर." आणि मला ते काका आठवले, 'मला गोड वर्ज्य आहे हो वहिनी' म्हणणारे. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. हे शब्द आईपुढे मी कुठल्या तोंडानं नेऊ? मी काही बोलले नाही.

दोन दिवस बर्गबाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी दप्तर टाकलं आणि धावत खाली गेले. दार उघडल्या उघडल्या बाईंनी विचारलं, "सांगितलंस आईला?" मी म्हटलं, "हो. ती म्हणाली, तुमच्यासाठी ती साखर घालणारच नाही. गूळ घालेल. गूळ म्हणजे साखर नाही, औषध असतं. आमच्याकडे आजारी माणसाला देतात." हे अगदीच रचलेलं नव्हतं हो. नागपूरची आजी साखरेच्या रोग्यांना खुशाल सांगायची, "गूळ चालतो." आणि बाबांच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्यानं नुकतीच नागपूरहून गुळाची भेली आणलीही होती. बाईंनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला, "गूल. गूल." मग त्यांचा चेहरा असा काही फुलला की मलाही वाटलं, आपण फार चांगलं काम केलं. त्या माझ्याबरोबरच वर आल्या. आई उठून बसली.

आईला मी एवढंच सांगितलं की बाईंना गुळाची खीर खायची आहे. भेली महिन्याभरात संपली. आई दुकानातली तपकिरी साखर आणून खिरीत घालू लागली. रंग तोच यायचा. बाई वाटी संपवून दर वेळी म्हणायच्या, "गूल!" आणि आईकडे बघून मान डोलवायच्या. आईला वाटायचं, बाई आपली भाषा शिकताहेत. ती आणखी अर्धी वाटी वाढायची. मी दोघींच्या मधे बसून गृहपाठ करायची. मला सगळं माहीत होतं. माहीत होतं म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीला कळतं तेवढं, पण ते पुरेसं होतं. मी एकदाही तोंड उघडलं नाही.

मार्चमध्ये त्यांच्या पायाला जखम झाली आणि ती भरेना. एका सकाळी अँब्युलन्स आली. आठवड्यानं बाबांनी चौकशी करून सांगितलं की त्यांचा डावा पाय घोट्याच्या वरून कापला. आईनं डोक्याला हात लावला, रडली, आणि मग उठून सरळ गव्हाचा रवा काढला. बाबांनी आम्हाला दवाखान्यापर्यंत सोडलं आणि गाडी लावायला ते गेले. आईनं बुद्धपौर्णिमेसाठी राखलेली नवी कोरी पांढरी साडी नेसली होती, वर बाबांचा जुना ओव्हरकोट, आणि कोटात ऊब राहावी म्हणून डबा पोटाशी धरलेला. बर्गबाई उशांना टेकून बसल्या होत्या. पांघरूण एका बाजूला एकदम सपाट झालं होतं, तिकडे मी पाहिलं नाही. आईनं डबा उघडला. वेलदोड्याचा वास सुटला, आणि बाईंनी हात पुढे केला.

तेवढ्यात नर्स धावत आली. तरुण होती, चांगली होती बिचारी. तिनं कागदी रुमालात धरून वाटी आईच्या हातातून काढून घेतली आणि दूर टेबलावर ठेवली. "नाही, नाही, नाही. यांना डायबेटिस आहे. गोडानंच ही वेळ आली. दुसरा पाय घालवायचाय का?" बर्गबाई तिला समजावत होत्या, "अगं, ही साखर नाही, गूल आहे. चालतं. या मुलीनंच सांगितलं मला." नर्सनं मला विचारलं, "काय घातलंय यात?" मी म्हटलं, "साखर." बर्गबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "ओ, शीला," एवढंच म्हणाल्या, आणि मान खिडकीकडे वळवली.

आईला यातलं काय दिसलं? एका गोऱ्या बाईनं आपली वाटी कागदात धरून हातातून काढली, दूर ठेवली, आणि जिनं तीन महिने चाटून पुसून खाल्लं तिनं तोंड फिरवलं. "काय म्हणते थे?" आईनं विचारलं. मी म्हटलं, "बाहेरचं चालत नाही इथं." आई म्हणाली, "बाहेरचं? म्हणजे माह्या हातचं?" तिनंच पुढे विचारलं, "अन् बर्गबाई काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही नाही." आईनं टेबलावरची वाटी स्वतः उचलली, खीर परत डब्यात ओतली, झाकण लावलं. ते बसेना. दोनदा दाबून लावलं. "इथंबी," ती म्हणाली. माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं: आई, तुझ्या हाताचं काही नाही, साखरेचं आहे. पण ते म्हणायचं म्हणजे पुढचंही आलंच, की तुझ्या खिरीनं तिचा पाय नेला आणि मला हे जानेवारीपासून माहीत होतं. मी ओव्हरकोटाचं बटण धरून उभी राहिले.

बर्गबाई त्या घरात परत आल्या नाहीत. मे महिन्यात पुतण्या आला आणि सामान घेऊन गेला. खिडकीत लावायचा तो आकड्यांचा पुठ्ठा त्यानं आमच्या दाराखालून सरकवला. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वरच्या मजल्यावरच्या बाईंना.' आई म्हणाली, "ठेव कुठंबी." त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला तिनं खीर केली नाही. पुढच्याही वर्षी नाही. पुढे मराठी घरं वाढली, आमची माणसंही आली, चांगली माणसं आली. आई कुणाकडे गेली तर दुकानातला केक घेऊन जायची, डबा न उघडता, किमतीच्या चिठ्ठीसकट.

माझा मुलगा दूर पश्चिमेला, बॉथेल गावात डॉक्टर आहे. त्याला मी हे एकदा सांगितलं, तर म्हणाला, "मॉम, एका हिवाळ्याच्या खिरीनं पाय जात नाही. इट वॉज कमिंग एनीवे." बरोबरच असेल त्याचं. पण पायाचं मी बघून घेते रे, मला आईचं काय ते सांग. हे मात्र मी त्याला बोलले नाही. मलाही कापून सांगायची सवय आहेच.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे, मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीत होती. जे चार इंग्रजी शब्द शिकली होती तेही गेले. रोज एक नर्स यायची, जेनी नावाची, आणि मी पुन्हा दोघींच्या मधे बसायची. इतक्या वर्षांत कितीदा ठरवलं, आज सांगू, आता सांगू. जीभच उचलली नाही. एका सकाळी जेनी तिचे केस विंचरत होती. आईचे हात तेव्हा चमचाही उचलत नव्हते. ती मला म्हणाली, "तिले इचार, माह्या हातचं खाईन का थे?" मी विचारलं. जेनी हसली. म्हणाली, "म्हणजे काय, नक्की खाईन. त्यांना बरं वाटलं की करू देत, मी वाट बघते." मी आईला सांगितलं. शब्द अन् शब्द सांगितला, वाट बघते हेसुद्धा.

आईनं माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"खरं सांग व," ती म्हणाली. "काय म्हणाली थे?"

मी पुन्हा तेच सांगितलं. तिनं हळूहळू तोंड भिंतीकडे वळवलं.